कॉमेंटमधली लिंक: नोफॉलो, डूफॉलो आणि प्रत्यक्षात हाती लागतं ते

नवा ब्लॉग सुरू करून महिना होत नाही तोच कोणी ना कोणी एक यादी पुढे करतं. ‘इथे कॉमेंट टाक, डूफॉलो लिंक मिळते.’ मलाही अशी यादी मिळाली होती, तीनशेच्या वर पत्त्यांची. मी रोज रात्री त्यातले आठ-दहा ब्लॉग उघडायचे, ‘छान लेख, उपयुक्त माहिती’ असं काहीतरी लिहायचे, नावाच्या रकान्यात स्वतःच्या नावाऐवजी माझ्या विषयाचा कीवर्ड (लोक सर्चमध्ये टाकतात तो शब्द) टाकायचे आणि पुढच्या पत्त्याकडे वळायचे. तीन आठवड्यांनी मागे जाऊन पाहिलं, तर बहुतेक ठिकाणी माझी कॉमेंट नव्हतीच. जिथे होती तिथे तिच्या वरखाली जुगार, गोळ्या-औषधं आणि झटपट कर्जाच्या ओळी लागलेल्या होत्या. त्या सगळ्या लिंकवरून एकही माणूस माझ्या ब्लॉगवर आला नव्हता.

तेवढे श्रम तुमचे वाचावेत म्हणून हा लेख. नोफॉलो आणि डूफॉलो म्हणजे काय, ते स्वतःच्या डोळ्यांनी कसं तपासायचं, कॉमेंट कुठे आणि कशी लिहायची, आणि तिचा उपयोग झाला की नाही हे कसं ओळखायचं, या क्रमाने जाऊ.

आधी शब्दांचा अर्थ

वेबपानावरची प्रत्येक लिंक कोडमध्ये ‘ए’ नावाच्या टॅगने लिहिलेली असते. त्यात ‘एचरेफ’ म्हणजे पत्ता. त्याच टॅगमध्ये ‘रेल’ (rel) नावाचा एक ऐच्छिक गुणधर्म लिहिता येतो. हे पान आणि ते पान यांचं नातं काय, एवढं तो सांगतो. रेलच्या पुढे ‘नोफॉलो’ (nofollow) लिहिलं, की पानाचा मालक सर्च इंजिनला सांगतो: ही लिंक इथे आहे खरी, पण तिची हमी माझी नाही.

आणि डूफॉलो? असा शब्द एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या कोडच्या भाषेत, नाहीच. रेलमध्ये काहीही लिहिलं नाही, म्हणजे लिंक साधी ठेवली, की तिला लोक डूफॉलो म्हणतात. कोणी हौसेने कोडमध्ये ‘डूफॉलो’ लिहिलंच, तरी त्याला काही अर्थ नसतो. म्हणून ‘डूफॉलो करून देतो’ असं सांगून कोणी पैसे मागत असेल, तर तो फक्त एक शब्द खोडून देणार आहे, हे ध्यानात ठेवा.

वाचकाला या दोन लिंकमध्ये काडीचाही फरक दिसत नाही. दोन्ही सारख्याच उघडतात. फरक फक्त यंत्राला दिसतो.

ही भानगड मुळात आली कुठून

१९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात, पुढे गूगल काढणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची पद्धत मांडली: सर्चमध्ये कुठलं पान वर दाखवायचं ते लिंकवरून ठरवायचं. तिचा गाभा असा: एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे एक मत. मत देणारं पान जितकं वजनदार तितकं मताचं वजन जास्त. मात्र ते वजन त्या पानावरून बाहेर जाणाऱ्या सगळ्या लिंकमध्ये वाटलं जातं.

मग ब्लॉग आले, ब्लॉगखाली कॉमेंटचे रकाने आले, आणि एक मोठं भगदाड पडलं. दुसऱ्याच्या पानावर जाऊन स्वतःलाच मत देण्याची सोय झाली. हे काम हाताने करण्याचीही गरज उरली नाही. शेकडो ब्लॉगवर एका दमात कॉमेंट टाकणारी सॉफ्टवेअर आली. त्यावर उपाय म्हणून जानेवारी २००५ मध्ये गूगलने नोफॉलो जाहीर केलं. याहू आणि एमएसएन (मायक्रोसॉफ्टचं तेव्हाचं सर्च) हेही त्यात होते. वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या सॉफ्टवेअरने लगेच, १.५ आवृत्तीपासून, कॉमेंटमधल्या लिंकना ते आपोआप लावायला सुरुवात केली. जानेवारी २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने बाहेर जाणाऱ्या सगळ्या लिंक नोफॉलो केल्या.

पुढचं वळण सप्टेंबर २०१९ मधलं. गूगलने आणखी दोन शब्द आणले. पैसे किंवा मोबदला घेऊन दिलेल्या लिंकसाठी ‘स्पॉन्सर्ड’, आणि वाचकांनी टाकलेल्या मजकुरातल्या लिंकसाठी ‘यूजीसी’. त्याच वेळी सांगितलं, की यापुढे आम्ही हे शब्द आज्ञा म्हणून न घेता सूचना म्हणून घेऊ. क्रमवारीसाठी हे लगेच लागू झालं; पान शोधणं आणि अनुक्रमणिकेत घेणं यासाठी १ मार्च २०२० पासून. वर्डप्रेसने नोव्हेंबर २०१९ च्या ५.३ आवृत्तीत कॉमेंटच्या लिंकवर ‘नोफॉलो’ आणि ‘यूजीसी’ हे दोन्ही शब्द लावायला घेतले. म्हणजे आज वर्डप्रेसवर चालणारा, अपडेट केलेला आणि या बाबतीत मालकाने हात न लावलेला कोणताही ब्लॉग घ्या. तिथे तुमच्या लिंकवर हे दोन शब्द असणारच.

‘सूचना’ या शब्दावरून बराच गोंधळ होतो. ‘आता नोफॉलोसुद्धा वजन देतो’ असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतील. गूगल एवढंच म्हणतं, की आम्ही ती लिंक विचारात घेऊ शकतो किंवा सोडून देऊ शकतो. कुठली घेतली आणि कुठली सोडली, हे बाहेरच्या माणसाला कळण्याचा मार्ग नाही. माझा सल्ला: कॉमेंटमधल्या नोफॉलो लिंकचं क्रमवारीतलं मोल शून्य धरा आणि मगच ती कॉमेंट लिहिण्याजोगी वाटते का ते पाहा.

डूफॉलो कॉमेंटचा हिशोब एकदा मांडून पाहा

समजा एका पानाचं वजन १०० गुण आहे. पेजरँकच्या मूळ मांडणीत त्यातला ०.८५ भाग पुढे वाटला जातो, म्हणजे ८५ गुण. लेखात लेखकाने स्वतः निवडलेल्या पाच लिंक आहेत आणि बाकी काही नाही. प्रत्येकीला १७ गुण मिळाले.

आता याच पानाखाली कॉमेंट खुल्या आहेत, लिंक डूफॉलो आहेत, आणि ते पान एखाद्या यादीत सापडलंय. महिन्याभरात ३९५ लिंक येऊन पडल्या. एकूण झाल्या ४००. तेच ८५ गुण ४०० जणांत वाटले, की प्रत्येकाच्या वाट्याला आले ०.२१. पहिल्याच्या ऐंशीव्या हिश्श्याएवढे.

आजचं गूगल इतकं सरळ भागाकारावर चालत नाही, पण बाकीच्या गोष्टीही कॉमेंटच्या विरोधातच जातात. ‘रीझनेबल सर्फर’ या नावाने ओळखलं जाणारं गूगलचं एक पेटंट २०१० मध्ये मंजूर झालं. त्यातला विचार असा, की पानावरच्या सगळ्या लिंकना सारखं वजन का द्यावं? जी लिंक वाचक दाबण्याची शक्यता जास्त, तिला जास्त द्यावं. लेखाच्या मध्यावरची लिंक आणि चारशेव्या कॉमेंटमधली लिंक यांत वाचक कुठली दाबेल, हे तुम्हीच सांगा. शिवाय ज्या पानाखाली चारशे फालतू लिंक लटकतायत, त्याला दुसरा कोण चांगला माणूस लिंक देईल? त्याचं मुळातलं वजनच १०० राहत नाही.

म्हणून मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: कॉमेंट डूफॉलो आहे आणि कोणीही येऊन टाकू शकतं, ही जागा चांगली असल्याची खूण नाही, उलट आहे. जो मालक आपल्या ब्लॉगकडे लक्ष देतो तो कॉमेंट तपासतो, आणि ज्याला यातलं कळतं तो नोफॉलो ठेवतो. दार सताड उघडं दिसतं, कारण घरात राहणारं कोणी उरलेलं नसतं.

पायरी पहिली: लिंक स्वतः तपासा

कोणाच्या यादीवर विसंबू नका. तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

संगणकावर ब्लॉगचा लेख उघडा, खाली एखाद्या जुन्या, मंजूर झालेल्या कॉमेंटपर्यंत जा. कॉमेंट करणाऱ्याच्या नावावर माउसचं उजवं बटण दाबा आणि ‘इन्स्पेक्ट’ निवडा. बाजूला कोड उघडेल आणि नेमकी तीच ओळ रंगवलेली दिसेल. त्या ओळीत ‘रेल’ शोधा आणि पुढच्या अवतरणातले शब्द वाचा. ‘नोफॉलो’, ‘यूजीसी’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ यांपैकी एकही असेल, तर मालकाने हात झटकलेत असं समजा. ‘एक्स्टर्नल’, ‘नोओपनर’, ‘नोरेफरर’ हे शब्दही तिथे दिसतात. त्यांचा लिंकच्या वजनाशी संबंध नाही. नवशिके ‘नोरेफरर’ पाहून ‘नोफॉलो’ समजतात. अक्षरं नीट वाचा.

नावावरची लिंक आणि कॉमेंटच्या मजकुरातली लिंक वेगवेगळ्या तपासा. काही थीम आणि प्लगिन एकीला एक नियम लावतात आणि दुसरीला दुसरा.

मग कंट्रोल आणि यू एकत्र दाबून पानाचा मूळ कोड उघडा. इथे दोन गोष्टी बघायच्या. एक, वरच्या भागात ‘रोबोट्स’ नावाचा मेटा टॅग आहे का आणि त्यात नोफॉलो किंवा नोइंडेक्स (हे पान सर्चमध्ये घेऊ नका) लिहिलंय का. तिथे नोफॉलो असेल तर ते पानावरच्या सगळ्या लिंकना लागू होतं, मग एकेका लिंकवर काहीही असो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: पानावर दिसणारी कॉमेंट या मूळ कोडमध्ये सापडते का? कंट्रोल आणि एफ दाबून कॉमेंटमधले दोन-तीन शब्द शोधा. सापडले नाहीत तर कॉमेंट नंतर जावास्क्रिप्टने किंवा आयफ्रेममध्ये आणलेली आहे. डिस्कससारख्या कॉमेंट-सेवा आयफ्रेम वापरतात. आयफ्रेम असेल तर ती लिंक त्या लेखाच्या पानात मुळी नसतेच. पानाच्या आत ठेवलेल्या दुसऱ्या पानात असते. तिथे नोफॉलो की डूफॉलो ही चर्चाच गैरलागू होते.

मोबाइलवर इन्स्पेक्ट नाही, पण क्रोममध्ये पत्त्याच्या अगदी सुरुवातीला इंग्रजीत ‘view-source:’ (शेवटच्या कोलनसह) टाकलं की मूळ कोड उघडतो. नोफॉलो लिंकभोवती आपोआप चौकट काढणारी ब्राउझर एक्स्टेन्शनही आहेत. रोजचं काम असेल तर ती घ्या, पण निदान पहिले दहा-वीस ब्लॉग हाताने तपासा. हात बसला की यादी विकणाऱ्याचं बोलणं कुठे पोकळ आहे ते लगेच कळतं.

पायरी दुसरी: जागा निवडा

तपासणी शिकलात, आता ती निवडीसाठी वापरू नका. उलटं वाटेल, पण मी रेलचे शब्द फक्त नोंद म्हणून लिहून ठेवते. कॉमेंट करायची की नाही हे दुसऱ्या गोष्टींवरून ठरवते.

लेख तुमच्या विषयाचा किंवा त्याला लागून आहे का? शेवटच्या दहा कॉमेंट वाचा. त्यात माणसं बोलतायत की जाहिराती? मालकाने उत्तरं दिली आहेत का, आणि शेवटचं उत्तर कधीचं? मालक स्वतः उत्तर देत असेल, तर ती जागा हजार डूफॉलो पत्त्यांपेक्षा मोलाची, कारण तिथे तुमचं लिहिलेलं एक तरी माणूस नक्की वाचणार आहे, आणि त्याच माणसाच्या हातात लेखाच्या मजकुरात लिंक देण्याचा अधिकार आहे.

शेवटचं म्हणजे, तो लेख तुम्ही पूर्ण वाचलाय का? नसेल वाचला, तर पान बंद करा.

पायरी तिसरी: कॉमेंट लिहा

एक कॉमेंट जवळून पाहू. समजा लेख आहे ब्लॉगवरच्या चित्रांचा आकार कमी कसा करावा यावर, आणि लेखकाने सगळी चित्रं जेपेग करून गुणवत्ता ६० वर ठेवायला सांगितली आहे.

यादी घेऊन फिरणारा माणूस लिहितो: ‘खूपच छान माहिती सर. माझ्या साइटलाही भेट द्या.’ नावाच्या जागी ‘स्वस्त वेब होस्टिंग’. अशी कॉमेंट मालक डोळे मिटून स्पॅममध्ये टाकतो, आणि बरोबर करतो.

आता हे वाचा: ‘फोटोंसाठी ६० चा आकडा मीही वापरतो आणि फरक डोळ्याला जाणवत नाही. पण स्क्रीनशॉटवर हेच केलं तेव्हा अक्षरांच्या कडांना धुरकट ठिपके आले. जेपेग ही पद्धत फोटोंसाठी आहे, धारदार कडांना ती नीट हाताळत नाही. मी स्क्रीनशॉट पीएनजीत ठेवले, मग लॉसलेस वेबपीत घेतले. अक्षरंही स्वच्छ राहिली आणि फाइलही लहान झाली. लेखात स्क्रीनशॉटचा वेगळा उल्लेख केलात तर नवख्यांची अडचण टळेल.’ खाली स्वतःचं खरं नाव.

यात एकही लिंक नाही. वेबसाइटच्या रकान्यात पत्ता दिला, की नावावर लिंक आपोआप लागते, तेवढी पुरते. ही कॉमेंट वाचून ज्याला पुढचं जाणून घ्यायचंय तो नावावर बोट ठेवणारच. तो नोफॉलो पाहून थांबणार नाही.

आता बारीकसारीक गोष्टी. नावाच्या रकान्यात माणसाचं नाव लिहा. फार तर ‘नाव, ब्लॉगचं नाव’. कीवर्ड नको. वेबसाइटच्या रकान्यात मुखपृष्ठ द्या, विक्रीचं पान देऊ नका. मजकुरात लिंक तेव्हाच टाका जेव्हा तिच्यावाचून मुद्दा अपुरा राहतो: तुम्ही केलेली चाचणी, मूळ आकडे, चित्रांची तुलना. तीही एकच. वर्डप्रेसमध्ये मूळ सेटिंग असं असतं की मजकुरात दोन किंवा अधिक लिंक आल्या की कॉमेंट मंजुरीसाठी अडवून ठेवायची. आणि ज्याची आधी एकही कॉमेंट मंजूर झालेली नाही त्याची पहिली कॉमेंट तशीही अडतेच. त्यामुळे कॉमेंट लगेच दिसली नाही म्हणून पुन्हा पुन्हा टाकू नका. अकिस्मेटसारख्या स्पॅम गाळणाऱ्या सेवा एका ब्लॉगवर स्पॅम ठरलेल्या खुणा दुसऱ्या ब्लॉगवरही वापरतात. दहा ठिकाणी तुमचा पत्ता स्पॅममध्ये गेला, की अकराव्या ठिकाणी तुमची मनापासून लिहिलेली कॉमेंटही मालकापर्यंत पोहोचायची नाही. माझ्या तीन आठवड्यांच्या उद्योगाची हीच खरी किंमत मला मोजावी लागली. पुढे कित्येक महिने माझ्या चांगल्या कॉमेंटही गायब होत होत्या, आणि का, ते मला बरंच उशिरा कळलं.

पायरी चौथी: परत जा

कॉमेंट टाकली की पान बुकमार्क करा. दोन-तीन दिवसांनी परत जा. उत्तर आलं असेल तर संवाद पुढे न्या. बहुतेक लोक इथेच चुकतात. त्यांच्या मते काम लिंक लागली तिथे संपलं. खरं तर कॉमेंटमधून जे काही मिळतं ते या टप्प्यानंतर मिळतं.

त्या यादीचा नाद सोडल्यावर मी एका ब्लॉगवर, लेखातल्या एका तक्त्यातला आकडा चुकलाय असं लिहिलं होतं आणि तो कसा काढायचा ते चार ओळींत मांडलं होतं. माझ्या नावावरची लिंक नोफॉलो होती. मालकांनी उत्तर दिलं, तक्ता दुरुस्त केला, आणि दुरुस्तीच्या ओळीत माझ्या ब्लॉगवरच्या त्याच विषयाच्या लेखाची लिंक दिली. लेखाच्या मजकुरात, स्वतःच्या हाताने, कोणी न सांगता. ती लिंक साधी होती, म्हणजे लोकांच्या भाषेत डूफॉलो. तिथून अजूनही वाचक येतात. नोफॉलो कॉमेंटमधून डूफॉलो लिंक मिळते ती अशी, आणि तिला वजनही असतं, कारण ती मागून मिळालेली नसते. मालकाला ईमेल करून ‘माझी लिंक लेखात टाकता का’ असं विचारू नका. मदत केल्यावर ते मागणं म्हणजे केलेल्या मदतीचं बिल पाठवणं.

पायरी पाचवी: मोजा

एक साधा तक्ता ठेवा. तारीख, पानाचा पत्ता, रेलमध्ये काय दिसलं, मंजूर झाली का, उत्तर आलं का, आणि तीस दिवसांत तिथून किती वाचक आले. इतकंच.

वाचक कुठून आले हे गूगल ॲनालिटिक्सच्या रेफरलमध्ये दिसतं, पण तीन गोष्टी माहीत असू द्या. आजचे ब्राउझर दुसऱ्या साइटला पूर्ण पत्ता सांगत नाहीत, फक्त डोमेन सांगतात. त्यामुळे कुठल्या लेखावरून माणूस आला ते कळणार नाही, कुठल्या ब्लॉगवरून ते कळेल. एकाच ब्लॉगवर चार कॉमेंट असतील तर तारखांवरून अंदाज बांधा. दुसरं, लिंकवर ‘नोरेफरर’ असेल तर तेवढंही कळत नाही आणि भेट ‘डायरेक्ट’मध्ये जमा होते. इथे मात्र तो शब्द कामाचा, म्हणून नोंदीत लिहून ठेवा. तिसरं, हे टाळण्यासाठी पत्त्यामागे यूटीएमचं शेपूट (वाचक कुठून आला ते नोंदवणारे जादा शब्द) लावण्याचा मोह होईल. कॉमेंटमध्ये लावू नका, ते पाहताच मालकाला जाहिरातीचा वास येतो.

सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सेवेतल्या ‘लिंक्स’ अहवालात तुमची कॉमेंटची लिंक दिसू लागली तर हुरळून जाऊ नका. त्या अहवालात नोफॉलो लिंकही येतात, आणि कुठली कोणती हे तिथे वेगळं दाखवलेलं नसतं. लिंक तिथे दिसते याचा अर्थ गूगलला ती माहीत आहे. मोजली असा नाही.

तीन महिन्यांनी ज्या ब्लॉगवरून ना उत्तर आलं ना वाचक, तो यादीतून काढून टाका.

धोका किती

गूगलच्या स्पॅम धोरणात, चर्चेच्या जागी मजकुरात किंवा सहीत कीवर्ड घालून टाकलेल्या लिंक हा प्रकार नावानिशी दिलेला आहे. २४ एप्रिल २०१२ रोजी पेंग्विन हे लिंक स्पॅम पकडणारं गूगलचं अपडेट आलं तेव्हा अशा लिंकवर उभ्या असलेल्या साइट एका रात्रीत घसरल्या. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन मुख्य अल्गोरिदमचा भाग झालं आणि त्याचा रोख बदलला: साइट खाली खेचण्यापेक्षा अशा लिंक निकामी करण्याकडे. डिसेंबर २०२२ मध्ये स्पॅमब्रेन ही यंत्रणा लिंक स्पॅम ओळखायला वापरली गेली. म्हणजे सामान्यतः शिक्षा होत नाही, श्रम वाया जातात. मोठ्या प्रमाणावर आणि उघडउघड केलं तर माणसाने तपासून केलेली कारवाई होऊ शकते, आणि ती सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल ॲक्शन’ म्हणून दिसते.

पूर्वी अशा कॉमेंट टाकल्या असतील तर घाबरून जाऊ नका. थांबा, एवढं पुरे. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेलं डिसॲव्हाऊ टूल (‘या लिंक मोजू नका’ असं गूगलला कळवण्याची सोय) कारवाई झाली असेल किंवा होण्याची खरी शक्यता असेल तेव्हासाठी आहे. उगाच वापरलं तर चांगल्या लिंकही हातच्या जातात. नोफॉलो किंवा यूजीसी लावलेल्या लिंक त्यात भरण्यात तर काहीच अर्थ नाही.

‘नोफॉलो आणि डूफॉलो यांचं नैसर्गिक प्रमाण राखा’ हेही सतत ऐकू येतं. गूगलने असं कोणतंही प्रमाण सांगितलेलं नाही. ते सोडून द्या.

तुमच्याच ब्लॉगवर कॉमेंट येत असतील तर

‘नोफॉलो’ आणि ‘यूजीसी’ आहेत तसे राहू द्या. कॉमेंट वाढाव्यात म्हणून नोफॉलो काढणारी प्लगिन एके काळी जोरात होती. कॉमेंट करणाऱ्याच्या ताज्या लेखाची लिंक खाली दाखवणारं कॉमेंटलव्हही त्याच काळातलं. हेतू चांगला होता, वाचकाला काहीतरी परत द्यावं. पण असे ब्लॉग याद्यांत चढले आणि त्यांच्या मालकांचा दिवस स्पॅम उपसण्यात जाऊ लागला.

नोफॉलो लावून आपलं वजन ‘वाचतं’ असंही समजू नका. तसं पूर्वी होत असे, म्हणून लोक आतल्या पानांच्या लिंकवरही नोफॉलो लावून वजनाचे पाट वळवायचे. २००९ मध्ये गूगलच्या मॅट कट्स यांनी स्पष्ट केलं, की नोफॉलो लिंकच्या वाट्याचं वजन इतर लिंककडे जात नाही, ते तसंच विरून जातं. स्वतःच्या आतल्या लिंकवर नोफॉलो लावला असेल तर आजच काढा.

कॉमेंट दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने बंद करण्याची सोय वर्डप्रेसच्या ‘डिस्कशन’ सेटिंगमध्ये आहे. जुन्या लेखांवर स्पॅमचा मारा फार होत असेल तर ती वापरा. मी वापरत नाही, कारण माझ्याकडच्या सगळ्यात चांगल्या दुरुस्त्या जुन्या लेखांवरच आल्या.

आणि वर्षानुवर्षं नेटकं लिहिणारा एखादा वाचक असेल, तर त्याच्या लिंकवरचे शब्द काढायला गूगलची हरकत नाही. विश्वासातल्या लोकांसाठी तसं करता येईल, असं त्यांच्याच मार्गदर्शनात आहे. वर्डप्रेसमध्ये एकट्या माणसापुरतं हे करणं किचकट असतं. त्यापेक्षा त्याची दुरुस्ती लेखात घ्या, त्याचं नाव लिहा, त्याच्या पानाची लिंक तुमच्या हाताने मजकुरात द्या, आणि तिला रेल लावूच नका.